काळ्यापांढऱ्यातला कोट

आमच्या घरातली सगळ्यात चांगली खोली एका मेलेल्या माणसाच्या विजारींना दिलेली आहे. खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत, पण त्यांवर कायम जाड पडदे असतात, कारण उजेडानं कापडाचा रंग उडतो. आत मुंडकं नसलेले पुतळे उभे आहेत, कपाटं आहेत, पातळ कागदात गुंडाळलेले पायमोजे आहेत. मी मात्र स्वयंपाकघरामागच्या कोठीत झोपते. तिथे पाय सरळ केले की दार लागत नाही.

विजारी धांदलकाकांच्या आहेत आणि खोली माझ्या दादाची.

दादा सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसतो. त्यानं लग्न केलं नाही. मी केलं, पण ते काही जमलं नाही, म्हणून शिलाई मशीन उचललं आणि परत आले. घराखाली रस्त्याला लागून माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणे, उंची कमी करणे, कंबर ढिली करणे. कंबर आवळून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही. आम्हा दोघांचंही अर्धं आयुष्य असं लोकांच्या कपड्यांत गेलं. फरक एवढाच, की माझ्याकडचे कपडे लोक परत घेऊन जातात.

धांदलकाका म्हणजे टीव्ही घराघरात नवा होता तेव्हाचा सगळ्यात मोठा विनोदी नट. मालिकेत तो विमा कंपनीतला कारकून होता, कायम उशीर झालेला. अंगात मोठाल्या चौकडीचा एक ढगळ कोट आणि त्या कोटाच्या उजव्या खिशाला बूडच नाही. साहेबांचा चष्मा, कचेरीच्या किल्ल्या, एकदा तर कोंबडीचं जिवंत पिल्लू, जे काही तो ऐटीत खिशात टाकायचा ते खालून त्याच्याच पायावर पडायचं. मग तो अत्यंत संशयानं आजूबाजूच्या लोकांकडे बघायचा. त्या बघण्यावर आमची अख्खी गल्ली लोळायची. आमचे बाबा मुलखाचे अबोल. ते आठवड्यात हसायचे ते तेवढ्या अर्ध्या तासात. दादा तेव्हा पडद्याकडे कमी आणि बाबांकडे जास्त बघायचा.

बाबा गेल्यावर दादानं कपडे जमवायला घेतले. या दोन गोष्टी एकापाठोपाठ का आल्या हे मला कळतं, म्हणून मी कोठीत झोपते आणि फारशी कुरकुर करत नाही. थोडी करते.

हे असं जमवणारे लोक पुष्कळ आहेत, बहुतेक पुरुष, बहुतेक टकले. स्वतःला धांदलप्रेमी म्हणवतात. त्यांचे नियम कडक असतात. कपड्याला कपडा म्हणायचं नाही, वस्तू म्हणायचं. वस्तू धुवायची नाही, कारण कॉलरला लागलेला मेकअप हाच तर पुरावा. वस्तूची शिवण उसवली तरी सुई लावायची नाही. आणि अंगात घालणं तर सोडाच, तसं नुसतं बोलायचंही नाही. मी एकदा थंडी वाजली म्हणून धांदलकाकांची ऊबदार बंडी खांद्यावर टाकली होती, तर दादा माझ्याशी आठवडाभर चिठ्ठ्यांतून बोलला.

दादाकडे काय नाही? झोपायचा पायजमा आहे, सपाता आहेत, रेनकोट आहे. एक जाकीट तर त्यानं अशा माणसाकडून सोडवून आणलं जो ते मोटारसायकलच्या सीटवर पांघरायचा. फक्त तो कोट नव्हता. चौकडीचा, बिनबुडाच्या खिशाचा. धांदलप्रेमी भेटले की नमस्काराआधी एकमेकांना विचारत, "कोटाचं काही कळलं?" कुणी म्हणे स्टुडिओच्या आगीत गेला, कुणी म्हणे परदेशात आहे. मधला पुतळा त्या कोटासाठी उघडाच ठेवलेला होता. दादा म्हणायचा, कोट नाही तर माझ्याकडे काहीच नाही, नुसता जुना बाजार आहे. हे तो अगदी मनापासून म्हणायचा. त्याच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. त्यानंतर हा माणूस पडदे ओढलेल्या त्या खोलीत उघड्या पुतळ्यासमोर खुर्ची टाकून बसणार आणि तिथेच म्हातारा होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

तर आता तो कोट कसा सापडला ते सांगते.

ग्रंथालयात कुणीतरी मासिकांतली चित्रं कापून नेत होतं, म्हणून वरच्यांनी एक कॅमेरा बसवला होता. स्वस्तातला, कुठल्या तरी बँकेनं टाकून दिलेला. त्याचा पडदा दादाच्या टेबलाशी असायचा, एवढासा, काळापांढरा. दादा त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. एका सकाळी थर्मासमधून कपात चहा ओतताना त्याची नजर सहज तिकडे गेली. पडद्यावर, रहस्यकथांच्या कपाटाशी, धांदलकाकांचा कोट उभा होता.

पाठमोरा होता. मग वळला. उजव्या खिशावरची चौकडी बाकीच्या कोटाशी जुळत नव्हती, एक चौकोन अर्धाच कापलेला होता. शिंपी म्हणून सांगते, हा गलथानपणा आहे, पण दादासाठी तो अर्धा चौकोन म्हणजे अंगठ्याचा ठसा. जुन्या भागांतली चित्रं मोठी करून त्यानं तो वर्षानुवर्षं भिंगाखाली बघितला होता. चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून दादाच्या मांडीवर गेला. दादा धावला.

कपाटाशी कोट नव्हता. तिथे फक्त पुलापलीकडच्या रोपवाटिकेवाल्या बाई होत्या, अंगात त्यांचा नेहमीचा कोट, पिवळ्याजर्द आणि वांगी चौकडीचा. त्या एका खुनाच्या कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचून बघत होत्या. दादानं कपाटामागे बघितलं, खाली वाकून बघितलं, वर्तमानपत्रांच्या दालनात जाऊन आला. परत टेबलाशी आला तर पडद्यावर कोट तसाच उभा. पुन्हा धावला. पुन्हा बाई. अशा फेऱ्या घालून त्याला धाप लागली तेव्हा दारावरचा रखवालदार हळूच म्हणाला, "साहेब, बाईंशी काही बोलायचं असेल तर सरळ बोला. चांगल्या आहेत त्या."

तेव्हा कुठे दादा थांबला आणि त्यानं बाईंच्या अंगातला कोट नीट बघितला. किती हिवाळे त्यानं त्या बाईंच्या पुस्तकांवर शिक्के मारले होते! कोट दर वेळी त्याच्यापासून हातभर अंतरावर असायचा.

दुपारी तो दुकानात आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. पँटवर चहाचा मोठा डाग.

"चिमे," तो म्हणाला. माझी पन्नाशी उलटली तरी त्याच्यासाठी मी चिमीच. "तो पिवळा आहे."

"कोण?"

"कोट. पिवळा आणि वांगी."

मला हसू आवरेना. त्या काळी कॅमेऱ्याला कळायचं ते फक्त फिकं आणि गडद. मग नटाच्या अंगात पिवळं असो की पोपटी, कपडेपटातल्यांना काय त्याचं? हातात येईल ते कापड ते बेतायचे. गंमत म्हणजे हे सगळं मला दादानंच कधीतरी समजावून सांगितलं होतं, खडू घेऊन, फळ्यावर. पण माहीत असणं वेगळं. आयुष्यभर जो कोट करड्या रंगाचा म्हणून शोधला तो समोर असा पिवळाधमक येऊन उभा राहिला, तर तो डोळ्यांना दिसत नाही, हे खरं.

पुढच्या खेपेला बाई ग्रंथालयात आल्या तेव्हा दादानं धीर केला. बाई पन्नाशीच्या आसपासच्या, अंगानं भक्कम, आवाज मोकळा. ग्रंथालयात हळू बोलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं किंवा सांगूनही उपयोग झालेला नव्हता.

"हा ना? माझ्या काकांचा," त्या म्हणाल्या. "टीव्हीत असायचे ते, धांदलकाका. माझे सख्खे काका. ते गेल्यावर काकू कपाट उपसत होती. मी म्हटलं, हा ऊबदार आहे, मला दे. खिसा फाटका आहे, पण डावा चालतो."

"विकाल का?"

"आणि मी काय घालू?"

कपडे घालायचे असतात, ही बाजू त्यानं कधी विचारातच घेतली नव्हती.

घरी येऊन त्यानं माझ्या हातापाया पडून एक बेत ठरवला. मी बाईंना नवा कोट शिवून द्यायचा, असा झकास की जुना त्या आपणहून काढून फेकतील. मला तो बेत पटला, कारण दुरुस्त्या करून करून माझेही हात गंजले होते. बाई मापं द्यायला आल्या. मी निळ्या जाड लोकरीचं कापड घेतलं, आत रेशमी अस्तर लावलं, काजं हातानं केली. खोटं कशाला बोलू, आयुष्यात शिवलेला सगळ्यात देखणा कोट तो. बाईंनी आरशासमोर गिरक्या घेतल्या, मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं. दादा बाजूला पातळ कागद अंथरलेली पेटी उघडून उभा होता, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप उभा राहतो तसा.

बाईंनी नवा कोट काढला, जपून त्याची घडी घातली आणि तो दादाच्याच पेटीत ठेवला.

"एवढी सुंदर वस्तू मातीत कशी घालू?" त्या म्हणाल्या. "हा आता चारचौघांत जायला. मातीला हा जुना आहेच. इतके दिवस याला जरा जपत होते, एकुलता एक म्हणून. आता काही काळजी नाही."

आणि पेटी काखोटीला मारून, धांदलकाकांचा कोट अंगात चढवून त्या निघून गेल्या. दादाचा चेहरा मला बघवेना. धांदलकाकांच्या कोटाचे बरे दिवस आपणच संपवले हे त्याला कळून चुकलं होतं.

त्याच संध्याकाळी ग्रंथालय सुटल्यावर तो रोपवाटिकेत गेला, नुसता बघायला. बघितलं ते भयंकर होतं. बाई कोट घालून खत कालवत होत्या. डाव्या खिशात कात्री, सुतळी आणि ओल्या कंदांची पिशवी. कोपराला चिखल. त्यांनी पाण्याची नळी उचलली आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "द्या इकडे, मी घालतो."

ज्या माणसानं जन्मात घरातल्या एका कुंडीला पाणी घातलं नव्हतं त्यानं त्या दिवशी रोपांच्या रांगाच्या रांगा भिजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. कोटाला खत लागू नये म्हणून पोती स्वतः उचलू लागला. काटे अडकू नयेत म्हणून गुलाब स्वतः छाटू लागला. रोज संध्याकाळी आणि सुट्टीचा अख्खा दिवस. त्यासाठी त्यानं रबरी बूट घेतले. हे बूट घालून तो घरात यायचा आणि मी त्याला जिन्यातच अडवायचे.

पण एक सांगते. दादाला भूक लागायला लागली. पूर्वी त्याच्या ताटात मी काय वाढलंय हे त्याला जेवून उठल्यावरही सांगता आलं नसतं. आता तो ताटावर बसला की बोलायला सुरुवात करायचा. बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. बाई पुस्तकाचं शेवटचं पान आधी का वाचतात, तर खुनी कोण हे कळलं की बाकीच्या माणसांवर नीट प्रेम करता येतं. बाईंना कारलं आवडत नाही. बाईंचं मांजर खताच्या पोत्यावरच झोपतं. मी नुसती हूं हूं करत ऐकायचे.

मधे एकदा मी त्या खोलीत झाडू मारायला गेले तर धांदलकाकांच्या स्वेटरला कसर लागलेली. बाहीला हे एवढं भोक. पूर्वी एक पतंग खोलीत शिरला तर दादानं घर डोक्यावर घेतलं होतं. मी भीत भीत त्याला सांगितलं.

"लागली असेल," दादा म्हणाला. "चिमे, तुझ्याकडे जुने जाड हातमोजे आहेत का? गुलाबाचे काटे फार लागतात."

मी हातमोजे दिले आणि मनात म्हटलं, आता हा कोटासाठी जात नाही. पण हे त्याला कळलंय की नाही, ते मला कळेना. त्याच्या बाबतीत हे असंच आहे. स्वतःच्या पोटात काय चाललंय हे त्याला सगळ्यात शेवटी समजतं.

मग एका दुपारी बाई दुकानात आल्या. अंगात नवा निळा कोट, हातात जुना, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. स्टुलावर बसल्या. नेहमीचा आवाज नव्हता.

"हा तुमच्या दादांना द्या," त्या म्हणाल्या.

"विकताय?"

"छे. देतेय." थोडा वेळ त्या माझ्या टेबलावरची बटणं रंगाप्रमाणे लावत बसल्या. "तुमच्यापासून काय लपवायचं? मला तुमचे दादा आवडतात. या वयात लाजायचं तरी कुणाला? पण ते माझ्याशी बोलत नाहीत हो, कोटाशी बोलतात. मी नळी उचलली की धावत येतात. आधी मला वाटायचं, मला जड होईल म्हणून. मग लक्षात आलं, कोट भिजेल म्हणून. बोलताना नजर कॉलरवर. एकदा मी पडले, तर त्यांनी आधी बाही तपासली."

मी ओशाळले. दादाच्या वतीनं ओशाळायची मला सवय आहे, पण त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

"म्हणून म्हटलं, कोटासाठी येत असतील तर कोट घेऊन जाऊ देत," बाई म्हणाल्या. "मला उगाच संध्याकाळी कुणाची तरी वाट बघायची सवय लागायला नको. उद्या त्यांची सुट्टी आहे. आले तर आले. पण तुम्ही त्यांना यातलं अक्षर सांगायचं नाही. शपथ घ्या."

घेतली शपथ. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे माझा छळच, पण घेतली.

दादा घरी आला तेव्हा मी कोट त्याच्या हातात दिला. "बाईंनी दिलाय. तुला." एवढंच. वर्तमानपत्र बाजूला करून त्यानं कोट दोन्ही हातांवर घेतला आणि खोलीत गेला. मी दारातून बघितलं. त्यानं तो उघड्या पुतळ्याला चढवला, खांदे सारखे केले, मागे सरून उभा राहिला. इतक्या वर्षांचं त्याचं काम त्या क्षणाला पुरं झालं होतं. मला वाटलं तो रडेल, नाहीतर सगळ्या धांदलप्रेमींना फोन करेल. त्यानं यातलं काहीच केलं नाही. जेवायला आला आणि मी काय वाढलं ते न बघता जेवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी दादानं रबरी बूट घातले. माझा जीव भांड्यात पडला. मग तो दारापर्यंत गेला, थांबला, परत आला आणि बूट काढले. खोलीत जाऊन कोटासमोर बसला. थोड्या वेळानं बाहेर आला, बूट घातले. पुन्हा काढले. मी स्वयंपाकघरातून हे बघत होते आणि हातातला कांदा नको तितका बारीक होत होता.

"जात नाहीस?" शेवटी मी विचारलं.

"कोट तर इथे आहे," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बाई म्हणत होत्या तेच खरं. एवढं सगळं कोटापुरतंच. शपथ नसती तर मी त्याला त्या बुटानंच समजावलं असतं. भांडी आपटली, दार आपटलं, दुकानात जाऊन एका भल्या माणसाची विजार नको तिथे आखूड केली. दादा दिवसभर खोलीत होता. पुलापलीकडे कुणीतरी दिवसभर फाटकाकडे बघत असणार.

पुढच्या सकाळी मला राहवेना. दुकानाला कुलूप लावलं आणि ग्रंथालयात जाऊन वर्तमानपत्रांच्या दालनात बसले, दादाचं टेबल दिसेल अशा बेतानं. मला कुठून तरी वाटत होतं की बाई येतील. पुस्तक परत करायची त्यांची मुदत त्या दिवशी संपत होती, दादानंच कधीतरी जेवताना सांगितलं होतं.

आल्या. निळ्या कोटात, केस वेगळे बांधलेले. पुस्तक परत करणाऱ्यांच्या रांगेत गप्प उभ्या राहिल्या. दादा मान खाली घालून शिक्के मारत होता. रांग सरकत होती. बाईंचा नंबर आला, त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. दादानं मान वर केली नाही. पुस्तक घेतलं, शिक्का मारला, बाजूला ठेवलं. बाई क्षणभर थांबल्या, मग वळून दाराकडे निघाल्या. तो कोट अंगात नाही तर या माणसाला बाई ओळखूसुद्धा येत नाहीत! मला वाटलं, आपणच आता उठून जावं आणि ते शिक्क्याचं यंत्र त्याच्या डोक्यात घालावं.

"निळा कोट तुम्हाला खांद्यात घट्ट होतो," दादा म्हणाला. मान खालीच. पण ग्रंथालयात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाई थांबल्या. "काय?"

"घट्ट होतो. पहिल्या दिवशी गिरक्या घेतल्यात तेव्हाच दिसलं. आमच्या चिमीनं माप चुकवलंय."

माझं माप कधी चुकत नाही. चुकलं असेल तर बाई पोती उचलतात म्हणून. पण मी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं आणि गप्प बसले.

दादा उठला. चालू रांग सोडून तो टेबलाबाहेर आला, हे त्यानं सगळ्या नोकरीत कधी केलं नसेल. त्याचे कान लाल झाले होते. "काल यायचं होतं मला," तो म्हणाला. "बूट पण घातले होते. पण कोट माझ्याकडे आला. आता कशाला आलात असं तुम्ही विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "खरं ते सांगायचं."

"ते मला काल संध्याकाळी कळलं. तोवर अंधार पडला."

रांगेतला एकही माणूस हलत नव्हता.

"मग मी कोट परत घेऊ का?" बाई म्हणाल्या. "म्हणजे यायला कारण राहील."

मी डोळे मिटले. हा माणूस मला जन्मापासून माहीत आहे. तो कोट त्याच्याकडे येऊन दीड दिवस झाला होता.

"घ्या," दादा म्हणाला. त्याला विचार करायला वेळही लागला नाही. "थंडी आहे. मी रोज सकाळी आणून देत जाईन आणि संध्याकाळी घरी घेऊन जाईन. धुवू नका म्हणजे झालं."

"रोज न्यायचा आणि रोज आणायचा?"

"हो."

"त्यापेक्षा तो जिथे राहतो तिथे मीच राहायला आले तर?"

दादा विचारात पडला. "म्हणजे कसं?" त्यानं विचारलं.

रांगेतले एक आजोबा काठी टेकत पुढे झाले आणि त्यांनी दादाच्या कानात ते कसं ते नीट समजावून सांगितलं. ऐकता ऐकता दादाचे लाल कान आणखी लाल झाले. मग तो बाईंकडे वळला आणि पहिल्यांदा, कॉलर सोडून, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मग ती मोठी खोली रिकामी करावी लागेल. मी आजच पडदे काढतो."

मी वर्तमानपत्राआड रडत होते. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, बातमी वाईट आहे का? मी म्हटलं नाही हो, आमच्या घरची आहे, आणि डोळे पुसून पडदे काढायची शिडी शोधायला घरी गेले.